कापून पाहिलेला फिल्टर

किन्हीराजात दौलतरावांच्या अंगणात शुक्रवारी सकाळी त्यांच्या गाडीतलं सगळं ऑइल एका जुन्या घमेल्यात निथळत होतं, आणि गाडीचे मालक बाजूला खुर्ची टाकून खरेदीचं टिपण लिहीत होते.

गाडी सव्वीस वर्षांची. आरसी बुकात तिचा रंग लाल लिहिलेला आहे. उन्हानं आणि वयानं मिळून तो आता वाळल्या मिरचीवर आणला होता. हँडब्रेक गेली अकरा वर्षं नावालाच. त्यामुळे बेबीताई गाडीत बसल्या की त्यांच्या पायाशी एक दगड असे. गाडी थांबली की आधी बेबीताई उतरायच्या, मागच्या चाकाला दगड लावायच्या, आणि मग दौलतराव इंजिन बंद करायचे. नवराबायकोत इतकी एकवाक्यता दुसऱ्या कुठल्याही बाबतीत नव्हती.

ऑइल बदलायचं कारण रविवार. रविवारी दुपारी बारा वाजता इंझोरीला बेबीताईंच्या भाचीचं, रूपाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. गेल्या वर्षी इंझोरीच्याच एका कार्यक्रमात ही गाडी आठ पाहुण्यांनी ढकलत मांडवात आणली होती, आणि त्याचं चित्रण अजून नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये फिरत होतं. म्हणून रूपाच्या बापानं, म्हणजे बेबीताईंच्या धाकट्या भावानं, धम्मपालनं फोनवर सरळच सांगितलं होतं, "भाऊजी, माही नवी गाडी धाडतो. तुमचं डबडं आणू नका."

"डबडं कोणाले म्हणतं बे?" दौलतराव भडकले. "आमी आमच्याच गाडीनं येऊ."

"मंग पैज. बाराच्या आत थे गाडी कोणी न ढकलता माह्या दारात आली, तर लग्नाच्या दिवशी रूपा त्याच गाडीतून निघन. नाई आली, तर सोमवारी सकाळी नऊ वाजता मदनसिंग भंगारवाला तुमच्या घरी येईन."

मागून रूपाचा आवाज आला, "मामाजी, हो म्हना!" रूपा याच गाडीवर गाडी चालवायला शिकली होती. पुढच्या बंपरवरचे तीन पोचे तिचेच होते, आणि ते दौलतरावांनी कधी काढून घेतले नव्हते. त्यांनी हो म्हटलं.

गुलाम नबी हे फाट्यावरचे मिस्त्री. ते या गाडीचं काम नेहमी अंगणात येऊनच करत, कारण गाडी दुकानापर्यंत पोचेल याची हमी त्यांना कधी कोणी दिली नव्हती. त्यांनी जुना ऑइल फिल्टर फिरवून काढला आणि दौलतरावांच्या हातात ठेवला.

"साहेब, हा सॅम्पल म्हून शेलूबाजारले घेऊन जा. याच्यासारखा नवा आना. दहा मिनिटांत लावून देतो."

"कोणता आणू?"

"चांगला आना."

"चांगला म्हंजे कसा?"

चाळीस वर्षांच्या मिस्त्रीकामात गुलाम नबींना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी फडक्याला हात पुसले, परत पुसले. "चांगला म्हंजे... अंदरचा कागद भरगच्च पाह्यजे. रबराची झडप नरम पाह्यजे, म्हंजे गाडी बंद केल्यावर ऑइल खाली उतरत नाई. स्प्रिंग दमदार पाह्यजे."

"हे बाहेरून कसं दिसते?"

"बाहेरून काय दिसते साहेब? बाहेरून समदे डब्बेच."

हे वाक्य गुलाम नबींनी सहज म्हटलं होतं. पण दौलतरावांच्या बाबतीत ते बोलायला नको होतं. दौलतराव एका सरकारी कचेरीच्या भांडारातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी खुर्च्या, पंखे, बादल्या आणि टाचण्या खरेदी केल्या, त्याही नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराच्या. चौतीस वर्षं त्यांच्या टेबलाचा एक पाय विटेवर होता. निरोप समारंभात साहेब त्यांच्या सचोटीबद्दल बोलत असताना दौलतराव ज्या खुर्चीवर बसले होते ती मोडली. खुर्ची त्यांनीच खरेदी केलेली होती. त्या दिवशी जमिनीवर बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं, की यापुढे घरात जे येईल ते आतून तपासून येईल. तेव्हापासून बेबीताई घरात नारळ एकटीनं आणत.

शेलूबाजारला स्पेअर पार्टची तीन दुकानं. दौलतराव सवारी जीपनं गेले आणि नियमाप्रमाणे तिन्हीकडे गेले. तिन्ही दुकानदारांनी जुना फिल्टर हातात घेतला, उलटा केला, डॉक्टर जीभ बघतो तसा त्याच्या भोकात बघितलं आणि एकेक नवा डबा पुढे केला. तिघांनीही सांगितलं, की आपलाच माल ओरिजिनल, बाकी दोघांकडे डुप्लिकेट. दौलतरावांनी जीपमध्ये बसून हिशेब मांडला. तिघांचंही खरं धरलं, तर तिन्ही फिल्टर ओरिजिनल होते आणि तिन्ही डुप्लिकेटही होते. कागदोपत्री अशी स्थिती त्यांनी नोकरीत अनेकदा पाहिली होती. त्यावर उपाय एकच असतो, समिती.

समिती शनिवारी सकाळी अंगणात बसली. अध्यक्ष दौलतराव, तांत्रिक सदस्य गुलाम नबी, आणि महिला प्रतिनिधी बेबीताई, ज्यांच्याकडे चहाही होता. पक्षपात नको म्हणून दौलतरावांनी आदल्या दिवशीच तिन्ही फिल्टरवरची नावं पॉलिश पेपरनं घासून काढली होती आणि त्यांवर अ, ब, क असं लिहिलं होतं. कुठला कुणाचा, हे एका पाकिटात बंद होतं. पाकीट बेबीताईंच्या कमरेला.

"साहेब, आता कसं पाह्यता?" गुलाम नबींनी विचारलं.

दौलतरावांनी घरातून लोखंड कापायची आरी आणली.

"या अल्ला," तांत्रिक सदस्य म्हणाले.

आरीला हात बसावा म्हणून दौलतरावांनी आधी जुना फिल्टर कापला. तो आतून तव्यासारखा काळा निघाला. मग ‘अ’ कापला. कागदाच्या घड्या चव्वेचाळीस भरल्या. रबराची झडप नागलीच्या पापडासारखी कडक. मग ‘क’ कापला. त्यातला कागद एका बाजूनं चिकटवलेलाच नव्हता. त्यातून ऑइल गाळलं गेलं नसतं, नुसतं फिरून आलं असतं. दौलतराव खूश होत होते. चौतीस वर्षांत जे करता आलं नाही ते ते आज करत होते. शेवटी ‘ब’ कापला.

"सत्तावन, अठ्ठावन..." दौलतराव घड्या मोजत होते. "त्रेसष्ट! झडप पाह्य नबीभाई, झडप."

गुलाम नबींनी झडप बोटानं दाबली. "मख्खन."

"स्प्रिंग?"

"दमदार."

ठराव एकमतानं मंजूर झाला. पाकीट फोडलं. ‘ब’ म्हणजे खालिदच्या दुकानातला. दौलतरावांनी डायरीत लिहिलं, ‘नमुना ब, उत्तीर्ण’, आणि खाली सही केली.

गुलाम नबींनी बाह्या वर केल्या. "तर साहेब, लावाचा कोणता?"

"ब. आता ठराव झाला नं."

"द्या मंग."

दौलतरावांनी ‘ब’ दिला. गुलाम नबींनी तो दोन्ही हातांत घेतला, कारण तो दोन तुकड्यांत होता.

घमेल्यातल्या काळ्या ऑइलवर एक पान पडलं.

"आता गाडीले काय लावता?" बेबीताईंनी विचारलं. "कोहळ्याच्या फोडी?"

"वेल्डिंग..." दौलतराव म्हणाले.

"तौबा," गुलाम नबींनी कानाला हात लावले.

"जुनाच परत बसवला तर?" असं दौलतराव म्हणणार होते, पण तो आरीला हात बसवण्यातच कापला गेला होता. त्यातच फोन वाजला. धम्मपाल होता.

"भाऊजी, मदनसिंगले सोमवारचा टाइम देल्ला. गाडीची काय हालत?"

"उत्तम," दौलतराव म्हणाले. "तपासणी पूर्ण झाली."

शेलूबाजारच्या दुपारच्या जीपमध्ये या खेपेला दोघं होते. "तुमाले एकट्याले धाडलं तर तुमी पुरं दुकान कापसान," असं बेबीताईंचं म्हणणं होतं. दौलतरावांच्या पिशवीत ‘ब’चे दोन तुकडे सुतळीनं बांधलेले होते. त्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याचे दात पिशवीतून बाहेर आले होते.

खालिद पंचविशीचा, हसऱ्या तोंडाचा. दुकान वडलांचं, पण आता तोच बघे. "या काका, या काकू. सॅम्पल आणलं का?"

दौलतरावांनी सुतळी सोडली. खालिदनं तुकडे जुळवून बघितले, वेगळे केले, परत जुळवले.

"काका, अॅक्सिडेंट झाला का?"

"तपासणी झाली. तुहा माल पहिला आला. असाच एक दे."

"असाच म्हंजे साबूत?"

"साबूत."

खालिदनं फळीवरून डबा काढला. एकच उरला होता. दौलतरावांनी चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "कालच्या डब्ब्याचा निळा रंग गडद होता. हा फिका हाय."

"कंपनीनं डब्बा बदलला, काका."

"कंपनी कायले डब्बा बदलन? डब्बा डुप्लिकेटवाला बदलते."

"अल्ला कसम, ओरिजिनल हाय."

"काल तिघंही हेच म्हनत होते. कसम फक्त तू घेतली." दौलतरावांनी पिशवीत हात घातला. "एकच उपाय हाय."

आरी काउंटरवर आली तसा खालिदनं फिल्टर छातीशी धरला. बाजूच्या जीप स्टँडवरचे ड्रायव्हर गोळा झाले. शेलूबाजारला शनिवारी दुपारी इतकं काही होत नाही.

"कापून पाह्यलं तर समजन असली का नकली," दौलतरावांनी जमलेल्यांना समजावलं.

"असली निघाला तर?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"तर घेईन."

"अन् लावसान काय?"

दौलतरावांना आता ती गोष्ट पूर्ण दिसली. कापल्याशिवाय विश्वास नाही, आणि कापल्यावर उपयोग नाही. चौतीस वर्षांच्या अनुभवात या परिस्थितीसाठी एकही परिपत्रक नव्हतं. ते बाकावर बसले. घड्याळात चार वाजले होते. गाडीत ऑइल नव्हतं, फिल्टर नव्हता, आणि सोमवारी सकाळी नऊला मदनसिंग येणार होता.

"मी काय म्हनते खालिद," बेबीताई म्हणाल्या. इतका वेळ त्या स्टुलावर बसून त्याच्याच दुकानातलं पाणी पीत होत्या. "हे बाहेर उभी हाय थे जुनी व्हॅन तुहीच नं?"

"हो काकू. माल आणाले."

"तिले कोणता फिल्टर बसते?"

"हाच. इंजन एकच हाय."

"कधी बदलला?"

"पंधरा रोज झाले."

"मंग असं कर. हा नवा फिक्या डब्ब्याचा तुह्या व्हॅनले लाव, अन् तुह्या व्हॅनचा काढून आमाले दे."

"बेबी!" दौलतराव उठले. "नवा सोडून वापरलेला घेतं? हे कुठल्या नियमात बसते?"

बेबीताईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या खालिदकडे बघत होत्या. खालिदनं डोकं खाजवलं.

"काकू, तुमचाच लॉस हाय. माह्यावालं पंधरा रोज चाललं हाय. पन तुमची मर्जी." त्यानं काउंटरखालून पाना काढला, डबा काखेत मारला आणि व्हॅनकडे निघाला. दोन पायऱ्या उतरलासुद्धा.

"थांब," बेबीताई म्हणाल्या. "ये वापस. नवाच दे."

खालिद परत आला. ड्रायव्हरांना काही कळलं नाही, दौलतरावांना तर मुळीच नाही. पण फिल्टर बेबीताईंच्या पिशवीत गेला होता, आणि त्या पिशवीत हात घालायची पद्धत घरात नव्हती.

किन्हीराजाला गुलाम नबी वाटच बघत होते. दौलतराव हातपाय धुवेपर्यंत त्यांनी फिल्टरच्या रबरी कड्याला बोटानं ऑइल लावलं आणि हातानंच आवळून बसवला. नवं ऑइल ओतलं. "मारा चावी."

डॅशबोर्डवरचा ऑइलचा तांबडा दिवा लागला. इंजिन खोकलं, सुरू झालं. दिवा तसाच. गुलाम नबींनी बोटं मोजली. एक, दोन, तीन. बेबीताईंनी दगड उचलून हातात धरला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चार. दिवा विझला.

"सुनो," गुलाम नबी म्हणाले. इंजिन पूर्वी डब्यात खडे हलवल्यासारखं वाजे, ते आता डब्यात ज्वारी हलवल्यासारखं वाजत होतं. या गाडीच्या बाबतीत ही क्रांती होती.

रविवारी साडेनऊला गाडी निघाली. शेलूबाजारला खालिद दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं हात वर केला. हातात काहीतरी चमकलं. बेबीताईंनी नेमकी त्याच वेळी दुसऱ्या बाजूची एक म्हैस दाखवली, आणि दौलतरावांनी म्हैस बघितली. पुढे एका चढावर एक नवी कोरी गाडी बॉनेट उघडून उभी होती. ओलांडून जाताना दौलतरावांनी हॉर्न वाजवला नाही. नुसता वेग थोडा कमी केला, म्हणजे त्यांना नीट दिसावं.

इंझोरीला धम्मपालच्या घरापुढे मांडव होता. बाराला वीस मिनिटं होती. लाल गाडी वळणावर दिसली तसे पन्नासेक मोबाईल वर झाले. गेल्या वर्षीच्या चित्रणाचा दुसरा भाग कोणालाच चुकवायचा नव्हता. गाडी चढ चढून दारात आली. मागं कोणी ढकलणारं नव्हतं. मोबाईल जरा खाली आले.

दारातही थोडा चढच. बेबीताईंच्या मांडीवर साडी, पेढे आणि फुलांची परडी, त्यामुळे त्यांना उतरायला उशीर झाला. गाडी वीतभर मागं सरकली आणि थांबली. बेबीताईंनी बाजूच्या आरशात पाहिलं, आणि दगड पायाशीच राहू दिला.

"जयभीम, धम्मपाल," दौलतराव उतरले. "टाइम पाह्य."

धम्मपालनं घड्याळ पाहिलं. मग तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत गुडघ्यावर बसला आणि गाडीखाली वाकून बघू लागला. बराच वेळ बघितलं.

"थेंब दिसते का?" दौलतरावांनी विचारलं.

"नाई."

"नीट पाह्य. मातीत असन तर बोट लावून पाह्य."

धम्मपाल उठला, गुडघे झटकले. "मानलं भाऊजी. शब्द म्हंजे शब्द. लग्नाच्या दिवशी रूपा याच गाडीतून निघन."

दारातून "आत्याऽऽ!" अशी किंकाळी आली आणि साक्षगंधाची नवरी रूपा मेंदीच्या हातानं बंपरवरचे आपले पोचे मोजून गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दौलतरावांनी हात जोडून सर्व दिशांना अभिवादन केलं. मोबाईल पुन्हा वर झाले, आणि या खेपेला दौलतरावांनी बाजूनं चेहरा दिला.

हरलेल्या माणसाजवळ एक काटा उरलेला असतो. तो धम्मपालनं हळूच टोचला. "पन भाऊजी, फिल्टर असली का नकली, हे तरी तुमाले कुठं माईत? आज आली. उद्याचं काय?"

दौलतरावांचं हसू थांबलं. खरंच, हा डबा आतून कोणी पाहिला होता? ते गाडीच्या मागं गेले, डिकी उघडली, चटई बाजूला केली, पिशवी झटकली.

"काय शोधता?" बेबीताई.

"आरी."

"आरी खालिदच्या दुकानात हाय."

"राह्यली का तिथं?"

"राह्यली नाई. ठेवली."

"अगं पन मंग फिल्टर तपासला कोणी?"

"फिल्टर कायले तपासाचा? मी खालिदले तपासलं," बेबीताई म्हणाल्या. "तुहा माल तुह्याच गाडीले लाव म्हटलं. खोटा असता तर शंभर बहाने सांगतले असते. थो पाना घेऊन निंघाला. मंग अजून काय कापाचं?"

दौलतराव डिकीला टेकले. डोळ्यांसमोरून चौतीस वर्षांच्या खुर्च्या गेल्या. त्यांनी एकाही कंत्राटदाराला कधी त्याच्याच खुर्चीवर बसायला सांगितलं नव्हतं.

धम्मपाल मात्र हे ऐकून जवळ आला. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि बहिणीला मांडवाच्या खांबाआड नेलं. "ताई, खरं सांगू का? नवरदेवाची नोकरी पाह्यली, घर पाह्यलं, तीन गावच्या तीन लोकाइले इचारलं. समदे चांगलाच म्हनतात. तरी धाकधूक होऊन राह्यली. मानूस अंदरून कसा हाय, कसं समजाचं?"

"पवन नं? निळ्या शर्टवाला?"

"हो."

"त्याले पाहून झालं."

"कधी?"

"आता. गाडी मागं सरकली तवा तुमी समदे फोटो काढत होते. तू बी. थो एकटा ईट घेऊन धावला." बेबीताईंनी मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. चाकाखाली आडवी, बरोबर बसवलेली वीट होती. "नवे कपडे, साक्षगंधाचा दिवस, अन् कोणी सांगतलं बी नाई."

धम्मपालनं वीट पाहिली. मांडवात नवऱ्या मुलाकडे पाहिलं. तो शर्टाच्या बाहीवरची विटेची माती कोणाला दिसणार नाही अशी झटकत होता. धम्मपालनं डोळे पुसले आणि आत जाऊन वंदनेला बसायला सगळ्यांना हाक मारली.

दौलतराव थोडे मागं राहिले; खांबाआडचं बोलणं डिकीपर्यंत सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी खिशातून डायरी काढली, चष्मा लावला आणि ‘अ’, ‘ब’, ‘क’च्या खाली लिहिलं, ‘नमुना ड, फिका डबा : न कापता उत्तीर्ण.’ थोडा विचार केला. मग त्याखाली आणखी एक ओळ घातली आणि वळणदार सही केली.

‘नमुना इ, निळा शर्ट : वरीलप्रमाणे.’